'बॅक आउट'चा वाक्यात उपयोग

शाळेचे अध्यक्ष नानासाहेब रेटरेकर इंग्रजी अशा थाटात बोलत, जणू ती भाषा त्यांच्याच घरी जन्मली. सातवीच्या मुली व्हरांड्यात उन्हात बसत आणि शेजारच्या खोलीत नानासाहेबांचे जुने सोफे कुलपात सावलीला असत. भर पालकसभेत धायगुडेबाईंनी ती खोली मुलींसाठी मागितली, तेव्हा नानासाहेब मिशीत हसले.

"तुम्ही मराठीच्या बाई. 'बॅक आउट'चा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, खोली तुमची. शब्द देतो!"

"दिलेला शब्द फिरवणं," बाई चटकन म्हणाल्या.

नानासाहेब चपापले. "अर्थ बरोबर आहे, पण खोलीचं... ते समितीपुढे ठेवावं लागेल. बघू."

बाईंनी खडू उचलला आणि फळ्यावर ठळक लिहिलं, 'नानासाहेबांनी भरसभेत खोली कबूल केली आणि लगेच बॅक आउट केलं.'

"हा वाक्यात उपयोग. बरोबर की चूक, ते आपणच सांगा."

सभेत खसखस पिकली. नानासाहेबांनी खिशातून खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

बाईंनी लगेच फळा पुसला. "चुकलंच हो माझं वाक्य. मराठीच्या बाई ना मी, इंग्रजी कुठलं जमायला!"