इवलीची गाडी आणि न उठणारा दांडा

"काडेपेटीला चाकं लावली, म्हणून काय गाडी होते?"

सासूबाई म्हणाल्या. नणंदेच्या कानात म्हणाल्या. रांजणामागे, अगदी हळू.

पण उंदरांचे कान मोठे. इवलीने ऐकलं.

इवली म्हणजे नवी सून. इवलीशी उंदरी. माहेरहून तिने गाडी आणली होती. काडेपेटीची गाडी. सोडाबाटलीच्या बुचांची चाकं. पत्र्याची बुचं, चार बुचं.

इवलीने पदर खोचला. गाडी काढली. घरात गूळ संपला होता, म्हणून बाजाराला निघाली.

खुळुक खुळुक, खुळुक खुळुक.

बाजाराशेजारी गाडीतळ. तिथे गाड्या लावायच्या. आत जाताना कोंबडेमामाने टोकन दिलं. लाल लाल, गोल गोल. इवलीला ते ताटाएवढं.

इवलीने गाडी लावली. गुळाचा खडा घेतला. गाडीत ठेवला. परत निघाली.

बाहेरच्या वाटेवर नवाकोरा दांडा. लांब दांडा. आडवा दांडा. शेजारी एक पेटी. पेटीत टोकन टाकायचं, की दांडा वर.

पुढे ट्रक होता. टोकन टाकलं, टप्प. दांडा वर. ट्रक गेला, भुर्रर्र. दांडा खाली.

मग इवलीचा नंबर. इवली पेटीवर चढली, सरसर. टोकन टाकलं, टप्प.

टोकन गेलं. दांडा तसाच.

इवली म्हणाली, "दांडेबुवा, दांडेबुवा, उठा ना."

दांडा म्हणाला, "मी नाही उठायचा. आधी पेटी सांगेल, मग मी उठेन." आणि हळूच म्हणाला, "खालून जा की. केवढीशी तू."

"नाही जायचं," इवली म्हणाली. "टोकन दिलंय."

इवली पेटीकडे गेली. तुडतुड तुडतुड.

"पेटीबाई, पेटीबाई,
दांडा उठेना.
तुम्ही तरी सांगा ना."

पेटी म्हणाली, "मी नाही सांगायची. आधी वेटोळ्याला गाडी कळेल, मग मी सांगेन." आणि हळूच म्हणाली, "खालून जा की. केवढीशी तू."

"नाही जायचं. टोकन दिलंय."

वेटोळं म्हणजे रस्त्याखाली पुरलेली तार. गोल गोल, गोल गोल. वर गाडी आली, की त्याला गुदगुल्या होतात. मग ते पेटीला सांगतं, गाडी आली गं.

इवलीने रस्त्याला तोंड लावलं.

"वेटोळेराव, वेटोळेराव,
पेटी सांगेना,
दांडा उठेना.
तुम्हाला तरी कळू द्या ना."

वेटोळं म्हणालं, "मला नाही कळायचं. ट्रक कळतो, ट्रॅक्टर कळतो. बुचं कळत नाहीत. आधी पेचकस माझा कान पिळेल, मग मला कळेल." आणि हळूच म्हणालं, "खालून जा की. केवढीशी तू."

"नाही जायचं. टोकन दिलंय."

वेटोळ्याचा कान भिंतीवर होता. एवढासा स्क्रू. खाली पेचकस पडला होता. लोळत होता.

इवली गेली. तुडतुड तुडतुड.

"पेचकसदादा, पेचकसदादा,
वेटोळ्याला कळेना,
पेटी सांगेना,
दांडा उठेना.
तुम्ही तरी पिळा ना."

पेचकस म्हणाला, "मी नाही पिळायचा. आधी माकडदादा हलेल, मग मी पिळेन." आणि हळूच म्हणाला, "खालून जा की. केवढीशी तू."

"नाही जायचं. टोकन दिलंय."

माकडदादा वायरमन. त्यानेच दांडा बसवला. आता झाडाखाली बसला होता. पाठ खाजवत होता. खसखस खसखस.

"माकडदादा, माकडदादा,
पेचकस पिळेना,
वेटोळ्याला कळेना,
पेटी सांगेना,
दांडा उठेना.
तुम्ही तरी हला ना."

माकडदादा म्हणाला, "मी नाही हलायचा. नवं मशीन आहे. नारळ वाढवल्याशिवाय नव्या मशीनचा कान पिळायचा नसतो. आधी नारळ फुटेल, मग मी हलेन." आणि हळूच म्हणाला, "खालून जा की. केवढीशी तू."

"नाही जायचं. टोकन दिलंय."

नारळ पाटावर बसला होता. शेंडी वर. कुंकू लावलेलं. वाट बघून बघून वाळला होता.

"नारळोबा, नारळोबा,
माकडदादा हलेना,
पेचकस पिळेना,
वेटोळ्याला कळेना,
पेटी सांगेना,
दांडा उठेना.
तुम्ही तरी फुटा ना."

नारळ म्हणाला, "मी नाही फुटायचा. असा कसा फुटू, आपला आपण? आधी उद्घाटनाची पाहुणी म्हैसमावशी येईल, मग मी फुटेन." आणि हळूच म्हणाला, "खालून जा की. केवढीशी तू."

"नाही जायचं. टोकन दिलंय."

पाहुणी म्हैसमावशी डबक्यात बसली होती. फुगून बसली होती. नाकातून वारा सोडत होती. फुस्स फुस्स.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी,
नारळ फुटेना,
माकडदादा हलेना,
पेचकस पिळेना,
वेटोळ्याला कळेना,
पेटी सांगेना,
दांडा उठेना.
तुम्ही तरी या ना."

म्हैसमावशी म्हणाली, "मी नाही यायची. सत्काराला बोलावलं आणि हार आणला एवढासा. गळ्यात जाईना. सगळे हसले. म्हणाले, केवढी ही म्हैस. हार घातल्याशिवाय मी नाही यायची."

इवली म्हैसमावशीकडे बघत बसली. मग म्हणाली, "तुम्ही केवढ्या, मी केवढीशी. दोघींची तीच गत."

"होय की गं," म्हैसमावशी म्हणाली.

इवलीच्या डोक्यात गजरा होता. एका कळीचा गजरा. तिने तो काढला. म्हैसमावशीच्या शेपटीवरून चढली, पाठीवरून चालली, मानेवरून गेली. शिंगाच्या टोकाला गजरा घातला.

मावला. बरोब्बर मावला.

म्हैसमावशी लाजली. डबक्यातच लाजली. मग उठली.

म्हैसमावशी आली, भदभद भदभद.
नारळावर पाय दिला. नारळ फुटला, फट्ट.
खोबरं खाऊन माकडदादा हलला, हूप.
पेचकस उचलला. पेचकसाने कान पिळला, कुर्र कुर्र.

जरा जास्तच पिळला.

बघायला आलेल्या कोंबडेमामाची टाचणी रस्त्यावर पडली. टिंग. वेटोळं हसलं, पेटी टोकन मागायला विसरली. दांडा वर.

कोंबडेमामाने टाचणी उचलली. दांडा खाली.

टाचणी टाकली. दांडा वर. टाचणी उचलली. दांडा खाली. कोंबडेमामाला मजा वाटायला लागली.

"मामा, पुरे," माकडदादा म्हणाला. "टाचणी म्हणजे काय गाडी आहे?" त्याने कान जरासा उलटा पिळला, कुर्र. टाचणी पडली. दांडा गप्प. "हं. आता आण गं तुझी गाडी."

इवलीने गाडी आणली. खुळुक खुळुक, खुळुक खुळुक.

चार बुचं रस्त्यावर आली. वेटोळ्याला गुदगुल्या झाल्या. "ही ही ही, गाडी आली गं."

पेटी म्हणाली, "टोकन कुठे?"

"मघाशीच गिळलंत की," इवली म्हणाली.

पेटीने ढेकर दिली. "हो गं बाई, इथंच आहे. दांडेबुवा, गाडी आली."

आणि दांडा उठला. ट्रकसाठी उठला होता, तेवढाच उठला. अगदी आभाळापर्यंत.

इवली खालून गेली नाही. मधून गेली. मान वर करून गेली. मागे दांडा खाली आला, धप्प.

दांड्यापलीकडे कोण उभं होतं? सासूबाई आणि नणंद. गूळ का येईना, म्हणून बघायला आल्या होत्या. चालत आल्या होत्या. पाय भरून आले होते. तोंडं उघडी राहिली होती.

"वहिनी," नणंद म्हणाली, "हा दांडा तुझ्यासाठी उठला?"

सासूबाई खाकरल्या. गुळाकडे बघितलं. चाकांकडे बघितलं. रस्त्याकडे बघितलं. घर लांब होतं.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "मागे जागा आहे का गं?"

इवलीने गूळ जरा पुढे सरकवला. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"बसा, आई. ताई, तुम्हीही बसा. शेपट्या तेवढ्या आत घ्या."