गव्याच्या पोटाला लागलेली माती

एक होतं पैलवानांचं गाव. ज्याची पाठ मातीला लागली तो हरला, हे तिथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. पुढे त्या गावात रिमोटवर चालणाऱ्या, मोठाल्या चाकांच्या मॉन्स्टर ट्रक आल्या. गावाने त्यांनाही कुस्तीचाच नियम लावला. उडी मारून खाली येताना गाडीचं पोट मातीला टेकलं, की सगळे ओरडायचे, "माती लागली रे, माती लागली!"

आता असं हसं कोण करून घेणार? म्हणून जो तो आपल्या गाडीच्या शॉकपमध्ये, म्हणजे चाकाजवळच्या धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगमध्ये, सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठासून भरायचा. गाडी एकदम ताठ! दर जत्रेतल्या उड्यांच्या शर्यतीत शॉकप काडकन मोडायचे आणि मालक मोडक्या गाडीशेजारी छाती काढून उभे राहायचे. गाडी मोडली, पण माती नाही लागली. धन्य ते गाव!

त्याच गावात शेवंता नावाची एक मुलगी होती. तिच्या गाडीचं नाव गव्या. गव्याचे शॉकप याआधी दोनदा मोडले होते आणि आता बसवलेले शेवटचे होते. शहरातल्या दुकानदाराने सांगून टाकलं होतं, "या गाडीचे शॉकप आता बनत नाहीत, बाळ." हेही मोडले तर गव्या कायमचा कपाटात जाणार, या विचाराने शेवंताला रडू आलं. मग डोळे पुसून ती स्वतःशीच म्हणाली, "यंदा हे मोडू द्यायचे नाहीत. काही झालं तरी नाही."

विचार करत ती तालमीच्या दारात जाऊन बसली. आत गावचे थोरले पैलवान नाना पोरांवर खेकसत होते, "अरे, गुडघे वाकवा! असं ताठ उभं राहून हाडं मोडून घ्यायचीत का?"

शेवंता उठली ती थेट घरी गेली. तिने स्प्रिंगमधले सगळे तुकडे उपसून काढले. शॉकपमध्ये जरा घट्ट तेल भरलं, म्हणजे गाडी धपकन न बसता हळूच दबेल. एकेक स्क्रू आवळला. त्या दिवसापासून गाडी फिरवून आणली, की आधी धूळ पुसायची, तेल आणि स्क्रू बघायची, मगच जेवायला बसायची.

जत्रेचा दिवस आला. पहिल्याच उडीला गव्याचं पोट मातीला टेकलं आणि सगळं मैदान खिदळलं, "माती लागली रे, माती लागली!"

तिचा मोठा भाऊ धावत आला. "शेवंते, तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस! अजून दोन उड्या आहेत. भर ते तुकडे परत!"

शेवंताचे कान तापले. खूप लाज वाटली तिला. पण तिने रिमोट घट्ट धरला. "हसू दे त्यांना, दादा. मोडले तर शॉकप माझे मोडतील, हसणाऱ्यांचे नाही."

दुसऱ्या उडीला बऱ्याच गाड्या लंगड्या झाल्या. तिसरी उडी उंच खडकावरून होती. नानांची गाडी ताठ गेली, ताठच आपटली, आणि तिचं एक चाक भज्यांच्या गाडीखाली जाऊन पडलं. मागून गव्या आला. पोटापर्यंत दबला, मातीला टेकला, पुन्हा उठला आणि एकटाच शर्यतीच्या शेवटच्या रेषेपार गेला.

मोडका शॉकप हातात घेऊन नाना आले. "पोरी, पोट टेकलं तुझ्या गाडीचं. नियमाने तू हरलीस."

"नाना, गुडघे वाकवा असं तालमीत तुम्हीच सांगता ना?" शेवंता म्हणाली. "गव्याने तुमचंच ऐकलं."

नाना पोट धरून हसले. "सगळ्या गावाला सांगितलं, आणि माझ्याच गाडीला सांगायचं राहिलं की गं!" तिथेच मातीत बसून ते स्प्रिंगमधले तुकडे काढू लागले.

पुढच्या जत्रेतही लोक "माती लागली रे!" म्हणून ओरडले. पण आता सोबत टाळ्या होत्या, आणि सगळ्यात मोठा आवाज नानांचा होता.

तात्पर्य काय, तर धक्का कुणालाच चुकत नाही. लोक हसले तरी चालेल, पण तो झेलण्याची सोय आधीच करून ठेवावी.