गादीखालचं गवत

रायाजीराजांच्या लाडक्या पठारावर गवत उगवेनासं झालं, आणि आळ आला मेंढरांवर.

पठार घाटमाथ्यावर, हवा गार. पावसाळा सरला की राजे तिथे डेरा टाकत आणि थंडी संपेपर्यंत जागचे हलत नसत. डेऱ्यासमोर तीनशे सरकारी गाई. त्या सदैव आपल्या नजरेसमोर असाव्यात असा राजांचा हुकूम, त्यामुळे त्यांनाही हलायची सोय नव्हती. तिथली जमीन दरसाल टणक होत गेली. पाऊस पडला तरी पाणी मुरेना. प्रधान त्र्यंबकपंतांनी चौकशी केली आणि मेंढरं गवत मुळासकट खातात असं ठरवून टाकलं. मेंढरांना कोणी विचारलं नाही.

हुकूम सुटला: पठार बोडकं करणारं मेंढरू सकाळी हजर करा, नाहीतर सगळ्या धनगरांनी मेंढरांसकट घाट उतरावा.

एवढ्या कळपांतून नेमकं एक शोधायचं कसं? धनगरांच्या तळावर रडारड झाली. कोकरं नुकतीच जन्मलेली, घाटात निम्मी दगावली असती. म्हातारे म्हणाले, एखादं लंगडं मेंढरू देऊन मोकळे होऊ. मायाक्का नावाची तळावरची सून म्हणाली, लंगड्याचा काय गुन्हा? मीच जाते.

सकाळी ती काठी घेऊन डेऱ्यात आली. सोबत मेंढरू नव्हतं. गुन्हेगार कुठे आहे, राजांनी विचारलं.

"दावते की. म्हाराज, वाईच उठता का?"

राजे इतके चकित झाले की खरोखरच उठले. मायाक्काने गादी सरकवली, जाजम उचललं. खाली गवताची काडी नव्हती. तिने काठी रोवून पाहिली, तर ती दगडावर आपटल्यासारखी वाजली.

"हितलं गवत कुठल्या मेंढरानं खाल्लं?"

राजांनी प्रधानांकडे पाहिलं. प्रधान डेऱ्याचं छत न्याहाळू लागले.

मग ती सगळ्यांना ओढ्यापलीकडे घेऊन गेली. गेल्या साली तिथे मेंढरं बसवली होती. दोन-चार रात्री बसली, लेंड्या टाकल्या, पुढे गेली, ती वर्षभर परत फिरकली नाहीत. आता गवत गुडघ्याला लागत होतं. तीच काठी तिने टेकवली, तर ती वीतभर आत गेली. राजांचा घोडा लगाम हिसडून तिथेच चरायला लागला. त्याला कोणी पढवलेलं नव्हतं.

राजांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे गुन्हेगार मी?"

"छ्या! तुमी एकलेच बसता, म्हून गादीएवढंच बोडकं झालं. गाई तीनशे हायत."

राजे घोड्याकडे बघत राहिले. मग असे हसले की पगडी घरंगळून गवतात पडली आणि सापडेपर्यंत बराच वेळ गेला.

पठारावरची चराई धनगरांना कायमची मिळाली. मायाक्काला चांदीचं कडं मिळालं, आणि पठारावर कोणी कुठे किती दिवस बसायचं हे ठरवायचा अधिकारही. तो तिने तिथल्या तिथे वापरला.

"गाई उद्या वढ्यापल्याड," ती म्हणाली, "आन् म्हाराजांचा डेराबी हलवा."

डेरा त्र्यंबकपंतांनी उचलला.