शिंजीर बसेल तेवढी बाग

एका राज्यात फुले कधी कोमेजत नाहीत, अशी ख्याती सात समुद्रांपलीकडच्या विद्यापीठापर्यंत पोहोचली होती. त्याच राज्याची राजकन्या चारुलेखा त्या विद्यापीठात सात वर्षे उद्यानविद्या शिकली. परतताना तिच्या गाठोड्यात नव्या बागांचे सात नकाशे होते, पट्टीने रेघा मारून आखलेले. वेशीपाशीच मोगऱ्याचा वास येईल, मधमाशा गुणगुणतील, आणि वडील दोन्ही हात पसरून सामोरे येतील, असे तिने वाटभर मनाशी रंगवले होते.

वेशीपाशी वास नव्हता. राजवाड्याच्या बागेत फुले होती, पण बोट लावताच ती टण्ण वाजत. प्रत्येक पाकळी तांब्याची होती. सिंहासनावर राजा वज्रसेन बसला होता, तो कमरेपर्यंत तांब्याचा. हात पसरायला मोकळे होते; उठायला पाय नव्हते.

"कळवलं का नाहीत, बाबा?"

"तू आली असतीस म्हणून," राजा म्हणाला.

मग चिमणाबाई माळिणीने सारे सांगितले. चारुलेखा शिकायला जाण्याआधी राणी वारली, तेव्हा तिच्या अंगावरचा हार राजाच्या डोळ्यांदेखत सुकला. त्या दिवशी हुकूम सुटला, की कोमेजलेले फूल महाराजांच्या नजरेस पडता कामा नये. माळी रोज पहाटे सुकली फुले खुडून नदीत टाकू लागले. चारुलेखा गेल्यावर एके दिवशी रानातली जादूगारीण ओंजळभर सुकलेला झेंडू घेऊन भेटीला आली. राजाने तो हिसकावून बाहेर फेकवला. ती आवाज न चढवता म्हणाली, "कोमेजलेलं नको ना? मग तुझ्या आवारात काहीच कोमेजणार नाही. तूही नाहीस."

"आणि उतारा?" चारुलेखाने विचारले.

"राजाच्या रक्ताच्या माणसानं, राजवाड्याच्या छपराखाली, हातभर पेटीत ताज्या फुलांची बाग करायची. त्या पेटीतलं फूल तेवढं तांब्याचं होणार नाही. सांजेला जादूगारणीचा शिंजीर येईल, तो फुलांतला मध पिणारा इवला पक्षी. बाग समजून बसला तर महाराज सुटले. तीनदा येईल, चौथ्यांदा नाही. करणारा हरला तर तोही तांब्याचा. तांबं आधी हळूहळू चढायचं, आता रोज वीतभर चढतंय, ताईसाहेब. परवा सांजेला ते ओठांवर येईल."

चारुलेखाने आईची शिसवी पेटी काढली. तळाशी पत्रा बसवला, त्यावर ओली माती आणि ओले शेवाळ दाबून भरले. आवाराबाहेर चिमणाबाईच्या परसात शापाची सत्ता नव्हती. तिथे ती कात्री घेऊन गेली.

"देठासकट?" माळीण दचकली. "देवाला असं कुणी वाहतं का?"

"देवाला नाही वाहायचं, बाई. पाण्यात उभं राहायला फुलांना पाय हवेत."

पहिल्या दिवशी तिने विद्यापीठात शिकली तशी पेटी रचली. मधोमध गुलाब, भोवती शेवंती, कडेने अबोली, वर्तुळात वर्तुळ. सांज झाली. निळाकाळा, अंगठ्याएवढा शिंजीर खिडकीतून आला आणि हवेतच थबकला.

"ही रांगोळी आहे," तो म्हणाला. "रांगोळीवर मी बसत नाही."

तो गेला. राजाच्या पोटावर तांबे चढले. चारुलेखाच्या डाव्या हाताची बोटे तांब्यासारखी टण्ण वाजू लागली.

दुसऱ्या दिवशी तिने नकाशे बाजूला सारले आणि परसात बसून नुसते पाहिले. काय खाली पसरते, काय उंच जाते, काय कुंपणावरून ओघळते. मग आधी पाने लावली. जड फुले तळाशी ठेवली, बारीक देठ वर जाऊ दिले, कृष्णकमळाचा वेल काठावरून सोडला. प्रत्येक फूल निवडून घेतलेले, पूर्ण उमललेले. राजाच्या तोंडून वाहवा निघाली.

शिंजीर पेटीभोवती दोनदा फिरला.

"इथे सगळे एकाच वयाचे. सगळे नटलेले. ही वरात आहे," तो म्हणाला, आणि गेला.

तांबे राजाच्या छातीवर चढले. चारुलेखाचा डावा हात कोपरापर्यंत जड झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी चिमणाबाई देठ धरायची आणि चारुलेखा उजव्या हाताने लावायची. या खेपेस पेटीत मिटल्या कळ्या होत्या, अळीने खाल्लेले पान होते, मधे बोटभर रिकामी जागा होती. शेवटी चारुलेखाने परसाच्या कोपऱ्यातला एक सुकलेला झेंडू आणला. त्यावर कोळ्याचे जाळे होते. तो तिने देठासकट पेटीच्या काठाशी खोचला.

तांबे राजाच्या गळ्याशी आले होते.

"ते काढ," राजा म्हणाला.

"नाही काढणार, बाबा."

"हा माझा हुकूम आहे, चारुलेखा. तसंच फूल तुझ्या आईच्या गळ्यात होतं."

"ठाऊक आहे. मलाही आठवतं. पण ते काढलं तर ही बाग राहत नाही."

राजाने पुन्हा तोंड उघडले, पण शब्द निघाला नाही. तांबे ओठांवर आले होते. फक्त डोळे ओले होते, आणि ते झेंडूवर खिळलेले. चारुलेखाने आपला डावा खांदा हलवून पाहिला. हलला नाही.

शिंजीर आला. कळ्यांवरून गेला, गुलाबावरून गेला, बोटभर रिकाम्या जागेतून आरपार गेला. मग सुकलेल्या झेंडूवर उतरला, उलटा लोंबकळला, आणि जाळ्याचा धागा चोचीत ओढू लागला.

"इथे घरटं बांधता येईल," तो म्हणाला.

राजाच्या अंगावरून तांबे सालीसारखे सुटले आणि फरशीवर खळखळत पडले. चारुलेखाचा हात हलका झाला. बाहेर बागेतली सारी फुले एका दमात मऊ झाली, आणि इतक्या दिवसांचे कोमेजणे एकाच रात्रीत कोमेजली.

सकाळी माळी टोपल्या घेऊन रांगेत उभे होते. बाग तपकिरी झाली होती, आणि जुना हुकूम अजून दारावर होता. राजा स्वतःच्या पायांनी चालत आला. एका सुकलेल्या फुलापाशी तो बराच वेळ उभा राहिला. मग त्याने दारावरचा हुकूम काढला आणि लेकीच्या हाती दिला.

"नव्या बागेला किती माळी लागतील?"

"आज एकही नको, बाबा. बी धरलंय. ते हातानं चोळून काढायचं."

चारुलेखा पायरीवर बसली. गाठोडे सोडून तिने पहिला नकाशा काढला, त्याचे चार तुकडे केले, आणि पेटीतल्या झेंडूचे बी घेऊन पुडी बांधली. मग दुसरा नकाशा उलगडला.

राजा तिच्या शेजारी बसला आणि त्याने ओंजळ पुढे केली.