आधी टेकडीच्या मांडवात

एका गावात एक ओढा होता आणि त्या ओढ्यावर पूल नव्हता. गावाचं नाव आंबेवळण. पावसाळ्यात ओढा फुगला की गाव अलीकडे आणि बाजार पलीकडे, अशी गत व्हायची. शेवटी राजाने पूल बांधायला माणसं पाठवली. ती टेकडीवरच्या थोरल्या विद्यालयात शिकलेली होती. त्यांनी आधी लाकडाचा सांगाडा उभा केला, त्यावर दगडांची कमान रचली आणि एके दिवशी सगळ्या गावासमोर खालचा सांगाडा काढून घेतला. लोकांनी डोळे मिटले. पूल मात्र उभाच राहिला.

त्या गर्दीत रावजी बुरुडाची लहानगी हौसा होती. तिने डोळे मिटले नव्हते. खाली काही आधार नसताना एवढे जड दगड हवेत उभे कसे राहतात, हे तिला कळेना. बापाला विचारलं, तो म्हणाला, देवाची करणी. पंतोजींना विचारलं, ते म्हणाले, पाढे म्हण. पूल बांधणारे तर केव्हाच निघून गेले होते. त्यांचं विद्यालय तेवढं लांबच्या टेकडीवर दिसायचं आणि दिवेलागणीला तिथे एक दिवा लागायचा. हौसा दाराशी बसून टोपल्या विणताना त्या दिव्याकडे बघत राही आणि हातातली वीण चुके. तिला तिथे जायचं होतं. दुसरं काही नको होतं.

आंबेवळणच्या शाळेची एक रीत होती. वर्ष संपलं की पंतोजी प्रत्येक मुलाच्या लाकडी पाटीवर एक खूण कोरून देत. वर्ष चांगलं गेलं तर सूर्य, बेताचं गेलं तर अर्धा चंद्र आणि वायाच गेलं तर नुसतं रिकामं वर्तुळ. कोरलेली खूण पुसता येत नसे. हौसाच्या पाटीवर सूर्यामागून सूर्य उमटत गेले. मग एका वर्षी बांबू तोडताना रावजी दरडीवरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. हौसा वर्षभर टोपल्या विणत आणि बाजारात विकत राहिली. पंतोजींना हे सगळं ठाऊक होतं, पण बापाच्या मोडलेल्या पायासाठी त्यांच्याकडे वेगळी खूण नव्हती. त्यांनी रिकामं वर्तुळ कोरलं.

पुढच्या वर्षी ती परत शाळेत आली आणि पुन्हा सूर्य मिळवू लागली. तरी पाटी हातात घेतली की तिची नजर नेमकी त्या वर्तुळावर जायची. माणसाचं असंच असतं. अख्ख्या जेवणातला एक खडा तेवढा लक्षात राहतो.

शाळा संपली की त्या राज्यातली मुलं निवडीच्या मैदानावर जमत. तिथे प्रत्येक विद्यालयाचा एक मांडव असे. नियम सोपा होता. हव्या त्या मांडवात जायचं आणि तिथल्या आचार्यांपुढे पाटी ठेवायची. त्यांनी ती उचलली की तुम्ही त्यांचे झालात. मग दुसरीकडे जाता येत नसे. नाही उचलली, तर पाटी काखेत मारून पुढच्या मांडवात जायचं. नकाराला दंड काही नव्हता. थोडा वेळ कान लाल होत, एवढंच.

निवडीचा दिवस जवळ आला तसा सल्ले देणाऱ्यांना ऊत आला. पंतोजी म्हणाले की टेकडीवर फक्त सूर्याच्या पाट्या उचलतात. शेजारची काकू म्हणाली की तिथे वर्षाचा शिधा घरून न्यावा लागतो, आणि रावजीच्या घरी तर सणाला पुरण शिजायची मारामार. सुताराने तर टेकडीवरची पोरं बुरुडाच्या पोरीला हसतील, इथवर सांगून टाकलं. सगळे मायेनेच बोलत होते, यात शंका नाही. त्यांच्यातलं एकही माणूस कधी टेकडीवर गेलेलं नव्हतं, यातही शंका नाही.

रावजी काठीवर हनुवटी टेकून सगळं ऐकत होता. लोक गेल्यावर तो म्हणाला, “पोरी, शेजारच्या गावात जमीन मोजणीची शाळा हाय. ती तुला न्हाई म्हणायची न्हाई. मैदानात चारचौघांत तुझं तोंड उतरलेलं मला बघवायचं न्हाई.”

हौसाने मान हलवली. ती होकाराची होती की नुसती हलली, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

निवडीच्या दिवशी सकाळी ती मैदानावर पोचली आणि पाय आपोआप टेकडीच्या मांडवाकडे वळले. मांडवात लाकडी कमानींचे छोटे नमुने मांडले होते. ते बघून तिला रडू येईल असं वाटलं. ती रांगेत उभी राहिली आणि रिकाम्या वर्तुळावर तिने अंगठा दाबून धरला. तिच्या पुढच्या मुलाच्या पाटीवर सूर्याशिवाय काही नव्हतं. ती पाटी बघितली आणि हौसाचं उरलंसुरलं अवसान गळालं. ती रांगेतून बाहेर पडली.

मैदानाच्या कोपऱ्यात मोजणीच्या शाळेचा लहानसा मांडव होता. सकाळच्या वेळी तिथे कोणी फिरकत नसे. भिकोबा गुरुजी एकटेच बसले होते. हौसाने पाटी पुढे ठेवली, आणि ती नीट जमिनीला टेकायच्या आत गुरुजींनी उचलली. इतके सूर्य त्यांच्या मांडवात आजवर आले नव्हते. त्यांचा आनंद खरा होता. हौसाने मात्र मान वळवून टेकडीच्या मांडवाकडे पाहिलं.

ती परत टेकडीच्या मांडवाबाहेर जाऊन उभी राहिली, नुसतंच बघायला. तेवढ्यात आंबेवळणच्या पाटलाचा मालोजी आला. त्याच्या पाटीवर एक नाही, दोन रिकामी वर्तुळं होती. पण टेकडी आपल्यासाठी नाही, असं त्याला घरी कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने पाटी खुशाल आचार्यांपुढे ठेवली. आचार्यांनी वर्तुळांवर बोट ठेवून विचारलं, या वर्षांत काय करत होतास? मालोजी म्हणाला, पतंग उडवत होतो. आचार्य हसले. मग त्यांनी त्याला वाऱ्याबद्दल बरंच काही विचारलं, आणि वारा त्याला खरोखरच कळत होता. आचार्यांनी पाटी उचलली.

हौसाला मालोजीचा राग आला नाही. आपल्यालाही असंच विचारलं असतं, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तेच जास्त लागलं.

ऊन कललं. मांडव सोडायची वेळ झाली. टेकडीच्या आचार्यांकडे अजून एक जागा शिल्लक होती, म्हणून ते स्वतः बाहेर येऊन कोणी राहिलंय का ते बघू लागले. त्यांना खांबाला धरून उभी असलेली हौसा दिसली. तिची पाटी कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. उचलली गेली, असं तिने सांगितलं. मग हळूहळू सगळंच सांगितलं. ओढ्यावरचा पूल, टेकडीवरचा दिवा, बापाचा पाय, टोपल्यांचं वर्ष. सगळं ऐकून आचार्यांनी विचारलं,

“मग आधी माझ्याकडे का नाही आलीस?”

“आमच्याकडं शिधा न्हवता. आणि पाटीवर वर्तुळ होतं. तुम्ही न्हाई म्हणाला असता.”

“शिधा राजाच्या कोठारातून येतो. वर्तुळाबद्दल मी प्रत्येकाला विचारतो. उत्तर माझं होतं, बाळ. ते तू कशाला दिलंस?”

हौसा मान खाली घालून रडली. ती शेवटची जागा त्या वर्षी रिकामीच राहिली.

आता गोष्ट सांगणाऱ्याला इथे नियम मोडता येतो, हे मला ठाऊक आहे. राजा घोड्यावरून येतो, पाटी परत मिळते, सगळे सुखी होतात. पण उचललेली पाटी परत मिळू लागली असती, तर लहान मांडवांत संध्याकाळी एकही मूल उरलं नसतं. तो नियम वाईट नव्हता. म्हणून तो मोडला नाही आणि हौसा भिकोबा गुरुजींच्या मागून मोजणीच्या शाळेत गेली.

तिचं वाटोळं झालं, असं मुळीच नाही. भिकोबा गुरुजींनी जे होतं ते सगळं दिलं. हौसा जमीन मोजायला शिकली, चढउतार काढायला शिकली. तिच्या मोजणीवर गावोगावच्या बांधांची भांडणं मिटली. रावजीचं म्हातारपण सुखात गेलं. पुढे गुरुजी थकले, तेव्हा शाळा तिच्या हाती आली आणि लोक तिला हौसाबाई म्हणू लागले. पण दिवेलागणीला ती हातातलं काम ठेवून टेकडीकडे बघायची. कोणी विचारलं, तर डोळ्यांना जरा विसावा देते म्हणायची. ते खरं नव्हतं. ती अजून तिथे जात होती, मनाने, रोज.

आता निवडीच्या मैदानावर कोपऱ्यातल्या मांडवात हौसाबाई बसे. एका वर्षी भल्या सकाळी एक मुलगी तिथे आली. बनू तिचं नाव, धनगराची पोर. तिने पाटी पुढे ठेवली. पाटीवर सूर्य होते आणि मधे रिकामं वर्तुळ होतं. वर्तुळाच्या जागी लाकूड गुळगुळीत झालं होतं. अंगठा दाबून दाबून लाकूड असं होतं, हे हौसाबाईला कोणी सांगायला नको होतं.

त्या वर्षी मोजणीच्या शाळेत मुलं फार कमी होती. अशी पाटी उचलली असती, तर शाळेला बळ आलं असतं. बनूही हसत घरी गेली असती. हात पुढे करायचा, एवढंच काम होतं. हौसाबाईचा हात पुढे झालाही. मग तिने तो मागे घेतला.

“ही आधी टेकडीच्या मांडवात ठेव.”

“तिथं न्हाई म्हणतील, बाई.”

“म्हणू देत. न्हाई म्हणणं हे त्यांचं काम. ते आपण करून द्यायचं न्हाई. म्हणालेच, तर मी इथंच बसलेय सांजपर्यंत.”

बनू गेली. जाताना तिने दोनदा वळून पाहिलं. हौसाबाईने दोन्ही वेळा हाताने पुढे जायची खूण केली.

मग ती बसून राहिली. दुपार झाली. दुसऱ्या मांडवांतून नकार मिळालेली मुलं कोपऱ्यात येऊ लागली. त्यांच्या पाट्या तिने मायेने उचलल्या. त्यांत बनू नव्हती. ऊन कललं, शेजारचे मांडव सुटले, तरी तिने आपला मांडव सोडू दिला नाही. बनू आलीच नाही. तेव्हा हौसाबाईने पदराने डोळे पुसले आणि दोर सोडायला सांगितलं. तिला आनंद झाला होता, आणि थोडा हेवाही वाटला होता. तो वाटला म्हणून तिला लाज वाटली नाही.

पुष्कळ वर्षांनी मोठ्या नदीवर पूल बांधायचं ठरलं. बांधणारी बनू होती. सांगाडा काढायच्या दिवशी तिने हौसाबाईला बैलगाडी पाठवून बोलावून घेतलं. हौसाबाई आता काठी घेऊन चालत होती. खालचं लाकूड निघालं, तेव्हा काठावरच्या लोकांनी डोळे मिटले. तिने मिटले नाहीत. पूल उभा राहिला.

लोक पुलावरून पलीकडे धावले. हौसाबाई मात्र अलीकडेच एका दगडावर बसली आणि तिने बनूला जवळ बसवून घेतलं.

“आता मला सांग,” ती म्हणाली, “खाली काई नसताना ह्यो उभा कसा ऱ्हातो?”

बनूने वाळूत बोटाने कमान काढली आणि अगदी पहिल्या दगडापासून सांगायला सुरुवात केली. हौसाबाईला सगळं समजलं. ते तेव्हाही समजलं असतं.

तात्पर्य: नकार द्यायचाच असेल, तर तो ज्याच्या हाती आहे त्याला देऊ द्यावा; पाटीवर एखादं वर्तुळ रिकामं असलं आणि घरी शिधा नसला, तरी मनापासून हवं असलेलं दार आपणच आपल्यासाठी बंद करू नये.