समोरची सावली

“पण सर, सावलीची बाजू दर वर्षी सादिकलाच कशी मिळते?”

उमेश ढोमणेनं हे विचारलं तेव्हा चौथा डाव चालला होता. मुलींच्या बेसबॉलची फायनल, बॅटिंग आमची. उमेश आमच्या कॉलेजचा कोच, म्हणजे यजमान. सादिक पाहुण्या संघाचा. दोघंही तायवाडे सरांच्या हाताखाली घडले. मीही तिथलाच, पण माझं काही जमलं नाही, मी स्कोअर लिहितो.

सर ऐंशीचे. जाळीमागं खुर्ची टाकून बसले होते.

“बाजू निवडली कुणी?” त्यांनी विचारलं.

उमेशनं टोपी डोळ्यांवर ओढली.

यानंच की! बाजू निवडायचा मान यजमानाचा. गेल्या वर्षी यानं तिसऱ्या बेसकडचं डगआउट घेतलं. डगआउट म्हणजे आमच्याकडं खेळाडूंनी बसायची पत्र्याची शेड. सामना सकाळचा, ऊन थेट आत. समोर पहिल्या बेसकडं सादिक गारव्यात बसला आणि जिंकलाही. वर्षभर ती सावली याच्या पोटात दुखत होती. म्हणून यंदा हट्टानं पहिल्या बेसची बाजू घेतली. सामना नेमका दुपारचा निघाला, आणि ऊन फिरून याच्याच शेडमध्ये आलं. सूर्य काय ढोमण्यांच्या घरचा आहे?

मग तो सुटलाच. सादिकचं नशीब कसं, त्याला खेळाडू मुली कशा चांगल्या मिळतात, पेपरवाले त्याचाच फोटो कसा छापतात. आणि शेवटी, पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, आवाज दाबून म्हणाला,

“तुम्हीसुद्धा तुमचा ग्लोव्ह त्यालाच दिलात, सर. मला नाही.”

 

सरांनी काठीनं समोरचं डगआउट दाखवलं. “तिकडं काय चाललंय?”

उमेशला विचारायचाच अवकाश. नऊ नंबरच्या पोरीचा बूट फाटलाय, त्याला चिकटपट्टी लावलीय. कॅचरनं दोनदा लिंबूपाणी घेतलं. सादिक मघाशी एकीवर ओरडला, नंतर तिच्याच पाठीवर हात ठेवला. गारव्यासाठी शेडला टांगलेला ओल्या पोत्यांचा पडदासुद्धा याच्या नजरेतून सुटला नव्हता.

“आणि तुझ्याकडं?”

“आमच्याकडं... ठीक आहेत सगळ्या. पाणी वगैरे पितात.”

“प्रणाली?”

“ती आमची पिचर, सर.”

“ते मला ठाऊक आहे.”

सर उठले. काठी टेकत आमच्या शेडकडं निघाले, मागोमाग उमेश, आणि वही घेऊन मी. मला राहवलंच नाही.

सगळ्या मुली पुढं कठड्याला लागून ओरडत होत्या. प्रणाली मागच्या बाकावर एकटीच, चेंडू टाकायच्या उजव्या हाताचं कोपर डाव्या हातानं धरून. कोपर टम्म सुजलं होतं.

सरांनी गळ्यातला दुपट्टा काढला, पाण्याच्या बादलीत बुडवला, पिळला आणि तिच्या कोपराला गुंडाळला. कधीपासून दुखतंय, विचारलं. दुसऱ्या डावापासून, ती म्हणाली.

“सांगितलं नाहीस?”

तिनं एकदा उमेशकडं पाहिलं.

“दोनदा आले होते सांगायला. आमचे सर तिकडं बघत होते.”

उमेशचा चेहरा पडला. मला त्याचा राग आला होता. तेवढ्यात कीवही आली. त्यानं अंपायरला जाऊन पिचर बदलत असल्याचं सांगितलं. समोरून सादिकनं हात वर करून काय झालं म्हणून खुणेनं विचारलं. यानं उत्तर दिलं नाही. परत येऊन प्रणालीशेजारी बसला, पण नजर पुन्हा त्या ओल्या पोत्यांकडं गेलीच. जित्याची खोड, दुसरं काय.

थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं,

“सर... पुढच्या वर्षी आम्ही कुठल्या बाजूला बसावं?”

सर ओल्या दुपट्ट्याची गाठ घट्ट करत होते. मान वर न करता म्हणाले,

“मुली कुठंही बसतील. तू त्यांच्याकडं कधी येणार, तेवढं सांग.”