बंद खानावळीचा गॅस

"...चूलच पेटवली नाही, तर पैसे कशाचे?"

पद्माकर तेंडोलकर हे तिसऱ्यांदा विचारत होता.

हाशमशा मसूर निवडत बसला होता. शहराबाहेरच्या टेकडीवर एका खोलीत हा म्हातारा फकीर एकटाच राही. ताटातला खडा उचलून त्याने बाजूला ठेवला.

"कुठली चूल?"

"खानावळीची. तीन वर्षं कुलूप आहे, बाबा. पण पाइपचा गॅस आहे, धंद्याची जोडणी. दर दोन महिन्यांनी बिल येतं. वापर शून्य, तरी किमान आकार भरा! सतरा पत्रं लिहिली. कचेरीतल्या बाईंना मी नियमाचं पुस्तक उघडून दाखवलं."

"मग?"

"त्यांनी पाणी दिलं. म्हणाल्या, जोडणी आहे तोवर आकार आहे."

"तोडून टाक."

"अर्ज लागतो."

"कर."

"केलाय." पद्माकरने खिशातून घडी केलेला कागद काढला. घडीवर तो फाटायला आला होता. "सही राहिलीय."

"हात दुखतोय?"

"माझी चालत नाही. जोडणी भावाच्या नावावर आहे. रघुवीरच्या."

हाशमशा पुन्हा मसुराकडे वळला.

"कुठं असतो तो?"

"सावंतवाडीकडे. मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाक करतो."

"लांब आहे?"

"एसटीनं चार तास."

"तीन वर्षांत चार तास मिळाले नाहीत..."

पद्माकरचा आवाज चढला. "तुम्हाला ठाऊक नाही. भर दुपारची वेळ, माणसं जेवायला बसलेली. आणि त्याच दिवशी रघूनं केलेलं कालवण खारट!"

"मग?"

"मी बोललो."

"एवढंच?"

"...वाटी फेकली."

"कुठं?"

पद्माकर बाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक बाभूळ होती.

"त्याच्या अंगावर," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर."

"तो काय बोलला?"

"काही नाही. अंगावरचं पुसलं. पातेलं खाली उतरवलं, शेगडी विझवली, आणि गेला. मी दुसरा आचारी ठेवला. पण लोक रघूच्या हातचं खायला येत होते. दीड महिन्यात कुलूप लावलं."

हाशमशाने कागद उलगडला. डोळ्यांजवळ धरून वाचला. मग होती तशी घडी करून परत दिला.

"सही घेऊन ये."

"मी जाऊ? मी थोरला आहे, बाबा!"

हाशमशाने ताट उचललं. मसूर निवडून झाले होते. तो ते धुवायला उठला.

*

चौथ्या दिवशी दुपारी पद्माकर आला. दाढी वाढली होती. त्याने कागद हाशमशासमोर ठेवला.

"झालं. उद्या कचेरीत देतो. सुटलो."

चुलीवर आमटी उकळत होती. हाशमशाने त्याच्यापुढे जर्मनची थाळी ठेवली, भाकरी वाढली.

"बस. काय म्हणाला भाऊ?"

"काही नाही. काल दुपारी पोचलो. मी दारातच उभा राहिलो. त्यानं कागद वाचला, भिंतीला टेकवून सही केली. पेन पुसून परत दिलं."

"बस्स?"

"आत मुलांना वाढायचं चाललं होतं. तो वळला..." पद्माकरने थाळी जवळ ओढली. "मग थांबला. म्हणाला, 'दादा, जेवलंस?'"

हाशमशाची पळी पातेल्यात थांबली.

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, हो. जेवून आलोय."

"जेवला होतास?"

"नाही."

"नंतर?"

"नंतर... घास उतरला नाही. स्टँडवर वडा घेतला होता. कुत्र्याला घातला."

"आणि तो?"

"तो बघत राहिला. मग म्हणाला, 'बरां.' आणि आत गेला."

आमटी रटरटत होती. हाशमशाने भरलेली पळी पातेल्यात रिकामी केली. झाकण ठेवलं. मग वाकून पद्माकरपुढची थाळी उचलली आणि भाकरी पुन्हा टोपलीत ठेवली.

पद्माकरचा हात तसाच पुढे राहिला.

"बाबा... भूक लागलीय."

"लागणारच."

पद्माकरने हात मागे घेतला.

"सावंतवाडीची एसटी किती वाजता आहे?" हाशमशाने विचारलं.

"तीनची आहे... का?"

"जा. जेवून ये."